मुंबई विद्यापीठ आणि बेळगाव: आपल्या आजोबांच्या डिग्रीवर मुंबईचं नाव का असतं?

शहापूरकर

मंडळी, एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे बोलायचं आमंत्रण आलंय. विषय मी स्वतः मागून घेतला: मुंबई विद्यापीठ. संयोजकांनी विचारलं, "सर, मुंबईच्या विद्यापीठाचा आपल्याशी काय संबंध?" बेळगावात हा प्रश्न पडावा याचं वाईट वाटलं, म्हणून हा धागा काढतोय.

थोडक्यात मांडतो. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर (हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण मांडणारं पत्र) १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा, म्हणजे उत्तरेत बंड पेटलेलं होतं त्याच दिवसांतला. नमुना लंडन विद्यापीठाचा: कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८६२ मध्ये रानडे, भांडारकर वगैरे पहिले बी.ए. बाहेर पडले. पुढे नव्वदएक वर्षं कराचीपासून कारवारपर्यंतच्या मुलांना पदवी मिळायची ती याच विद्यापीठाची. आज त्याला 'शहरातलं जुनं विद्यापीठ' म्हणतात. तेव्हा ते अख्ख्या मुंबई इलाख्याचं होतं आणि बेळगाव त्या इलाख्यात होतं.

माझं म्हणणं असं. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून गेलं हे प्रत्येकाला पाठ आहे. पण विद्यापीठाच्या नकाशावर ते आधीच गेलेलं होतं. मुंबई सरकारने १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठाचा कायदा केला, १९५० मध्ये ते विद्यापीठ धारवाडला आलं आणि बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार इकडची कॉलेजं त्याच्याकडे गेली. पुणे विद्यापीठही १९४९ चंच, गुजरात आणि बडोद्याचंही. भाषावार राज्यं व्हायच्या कितीतरी आधी भाषावार विद्यापीठं झाली. आपल्याकडे याची चर्चाच होत नाही.

तर तुमच्या घरात, गावात, कॉलेजात या विद्यापीठाचं काय शिल्लक आहे? आणि मुलांना काय सांगावं?

टिळकवाडी

सर, उत्तम विषय. आमच्या आजोबांची डिग्री अजून घरात आहे, पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेली. कागद जाड आहे, पण घडीच्या जागी पिवळा पडून चिरलाय आणि एका कोपऱ्यावर वाळवीने नक्षी काढलीय. नाव, कॉलेज, श्रेणी सगळं इंग्रजीत. लिंगराज कॉलेजातून बी.ए., पण ते कधी पदवीदानाला मुंबईला गेलेच नाहीत. डिग्री घरी आली. फोटो मात्र काढला. गाऊन कुणाचा तरी मागून आणलेला, तो त्यांच्या उंचीला इतका आखूड की खालून धोतर आणि वहाणा दिसतात. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि फुलदाणी.

आजी सांगायची, लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी हा फोटो पुढे केला आणि पुढचं काही विचारायची गरज पडली नाही.

यळ्ळूरकर

शहापूरकर सर, आदर ठेवून विरोध नोंदवतो.

विद्यापीठ १८५७ चं. बेळगावात पहिलं कॉलेज लिंगराज, १९३३ चं, आणि तेही केएलई (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) संस्थेने काढलेलं. म्हणजे शहात्तर वर्षं मुंबई विद्यापीठाने बेळगावला काय दिलं, तर परीक्षा. कॉलेज करायचं तर पुण्याला जा, नाहीतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, १९१७ नंतर धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात. ज्याच्या घरात पैसा त्याचा पोरगा पदवीधर. आमच्या गावच्या शेतकऱ्याच्या पोराला या विद्यापीठाचा शिपाईसुद्धा कधी दिसला नाही.

आपण 'आपलं विद्यापीठ' म्हणतो ते नेमकं कुणाचं होतं, हेही मुलांना सांगा.

शहापूरकर

यळ्ळूरकर, विरोध अगदी रास्त आहे आणि तो भाषणात येणारच. भर एवढीच घालतो की मॅट्रिकची परीक्षासुद्धा तेव्हा मुंबई विद्यापीठाचीच असे. म्हणजे सरदार हायस्कूल किंवा बेननस्मिथच्या मुलाची विद्यापीठाशी गाठ कॉलेजात जाण्याआधीच पडायची. 'मॅट्रिक झाला' याला गावात जे वजन होतं त्याच्यामागे मुंबईचा शिक्का होता. कचेरीत कारकुनी त्यावर मिळायची.

निपाणीचा_तंबाखू

मॅट्रिकवरून आठवलं. आमच्या एका चुलत आजोबांची ओळख गावात मरेपर्यंत 'नॉनमॅट्रिक' अशीच. दोन विषय राहिले आणि पुढे तंबाखूच्या वखारीत बसले. वखारीचा हिशेब तोंडी करायचे आणि चार मॅट्रिकवाल्यांना नोकरीवर ठेवलं होतं.

गोकाक_करदंट

@यळ्ळूरकर, एक बाजू राहिली. माझी मातृभाषा कन्नड, मराठी शाळेत शिकलो म्हणून इथे लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ उभं केलं ते डी. सी. पावटे यांनी. मूळचे आमच्या गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे. केंब्रिजला गणित शिकून रँग्लर झाले (म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत आले), मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि १९५४ ते १९६७ कुलगुरू. नंतर पंजाबचे राज्यपाल. धारवाडला छोटा महाबळेश्वरच्या टेकडीवर आज जो परिसर दिसतो तो त्यांच्या काळातला. मुंबईचं विद्यापीठ गेलं म्हणून बेळगाव पोरकं झालं असं नाही. घराजवळचं विद्यापीठ मिळालं आणि ते जिल्ह्यातल्याच माणसाने वाढवलं. खेड्यातल्या मुलाला धारवाड परवडत होतं, मुंबई नव्हतं.

खानापूरची_लेक

गोकाक दादा, मराठी झकास आहे तुमचं, सांभाळून घेण्यासारखं काहीच नाही. आणि करदंट घेऊन या पुढच्या कट्ट्याला.

चंदगडी

आमच्या तालुक्याची कथा ऐका. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. म्हणजे मुंबई विद्यापीठ, मग धारवाडचं, मग राज्य पुनर्रचनेत तालुका कोल्हापूरला जोडला तसं पुण्याचं, आणि १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झालं तसं कोल्हापूरचं. माणसं तिथंच, शेतं तिथंच, विद्यापीठं चार.

बाजाराला मात्र आम्ही अजून बेळगावलाच येऊलोय.

मुंबईकर_बेळगावी

मी गेली अनेक वर्षं फोर्टात नोकरीला आहे. रोज राजाबाई टॉवरसमोरून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी.

आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते भारतात कधी आलेच नाहीत, लंडनमधून नकाशे पाठवले. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, कापसाच्या तेजीतला: दोन लाख ग्रंथालयाला आणि दोन लाख मनोऱ्याला. मनोऱ्याला नाव त्यांच्या आईचं. १८६९ मध्ये पाया घातला आणि १८७८ मध्ये काम पुरं झालं. उंची २८० फूट, तेव्हा मुंबईत याहून उंच काही नव्हतं. शेजारचं पदवीदान सभागृह आधी झालं, १८७४ मध्ये, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. त्याच्या मोठ्या गोल खिडकीत रंगीत काचांची बारा राशींची चित्रं आहेत. दुपारी ऊन त्यातून आत आलं की फरशीवर रंग सांडतात.

मला सगळ्यात आवडतात ते मनोऱ्यावरचे पुतळे. पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं, आपापल्या पागोट्यांत आणि पोशाखात. खालून नीट दिसत नाहीत, मान दुखते. यळ्ळूरकर म्हणतात तो मुद्दा मला तिथं उभं राहून नेहमी जाणवतो: इलाख्यातली सगळी माणसं दगडात वर चढवली होती, वर्गात त्यातली थोडीच आली.

२०१८ मध्ये हा सगळा भाग जागतिक वारसा यादीत गेला. उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि ओव्हल मैदानापलीकडच्या आर्ट डेको इमारती सगळ्या मिळून. मुलांना सहलीला आणा, मी फिरवून दाखवतो.

यळ्ळूरकर

तुमचं शेवटून दुसऱ्या परिच्छेदातलं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. धन्यवाद.

अनगोळची_सून

बायकांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षांची दारं १८८३ मध्ये उघडली. पहिली पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजची. पुढे ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकली. पण बेळगावच्या मुलींपर्यंत हे पोचायला किती काळ गेला! आमच्या सासूबाईंच्या आई व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, झालेल्या. त्या परीक्षेवर मास्तरीण होता यायचं, तेवढ्यावर थांबल्या. इंग्रजी शाळेत घातलं असतं तर पुढे मॅट्रिक आणि मग कॉलेज, पण कॉलेज म्हणजे परगाव आणि परगावी मुलगी पाठवणार कोण? लिंगराज आणि नंतर राणी पार्वतीदेवी कॉलेज गावात झालं तेव्हा कुठं मुली सायकलवरून आणि चालत कॉलेजला जायला लागल्या. विद्यापीठ लांब असलं तरी कॉलेज जवळ पाहिजे, हे बायकांना जास्त कळतं.

इंदिरा संत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकल्या आणि बेळगावात ट्रेनिंग कॉलेजात शिकवत राहिल्या. माझ्या सासूबाईंची मोठी बहीण त्यांच्या हाताखाली शिकली. बाई वर्गात कविता वाचायला लागल्या की बाहेरच्या व्हरांड्यात दुसऱ्या वर्गाच्या मुली उभ्या राहायच्या, असं ती सांगते. मुंबई विद्यापीठाचा बेळगावात काय ठसा उरला, तर अशा शिकलेल्या बायका इथे शिकवायला राहिल्या, हा.

टिळकवाडी

ताई, नमस्कार घ्या. हे भाषणात आलंच पाहिजे.

कारवारी_माणूस

शहापूरकरांनी कराची ते कारवार म्हटलं म्हणून आनंद झाला, एरवी कारवार कुणाला आठवत नाही. आमचा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबईला जोडला. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजची मुलं आणि आमची मुलं एकाच प्रश्नपत्रिकेवर बसायची, विचार करा.

आणि एक तुटलेला धागा जोडतो. १९६१ ला गोवा मुक्त झाला. तिथं धेंपे आणि चौगुले कॉलेज निघाली ती मुंबई विद्यापीठाला जोडून. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये झालं, तोपर्यंत गोव्यातली पदवी मुंबईचीच. त्यामुळे कारवार, खानापूर, लोंढ्याकडची जी मुलं त्या काळात मडगाव-पणजीला शिकली ती पुन्हा मुंबई विद्यापीठाची झाली. मी त्यातलाच. माझ्या वडिलांची पदवी धारवाडची आणि माझी मुंबईची, तीही मुंबईत एक दिवस न राहता.

खानापूरची_लेक

कारवारी काका, आमच्या मामांचं अगदी असंच. लोंढ्याहून गाडी धरून मडगावला. घाटात दूधसागर आला की पुस्तक मिटायचं असा नियम होता म्हणे.

सांबऱ्याचा

विषय निघालाच आहे तर भाषेचं विचारतो. इंग्रजांनी मराठी ठेवली होती का विद्यापीठात? की आल्या आल्या बाहेर काढली?

शहापूरकर

सुरुवातीला देशी भाषा परीक्षांत होत्या. मग पहिल्याच दशकात पदवीच्या अभ्यासातून त्या काढल्या आणि संस्कृत, लॅटिन, अरबी अशा अभिजात भाषा ठेवल्या. देशी भाषांत अभ्यास करण्याजोगे ग्रंथ नाहीत, असा सूर होता. न्यायमूर्ती रानड्यांनी याविरुद्ध सिनेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारी सभेत, वर्षानुवर्षं खटपट केली. विद्यापीठाचा पहिल्या तुकडीचा पदवीधर आपल्याच विद्यापीठाशी भांडत होता. १९०१ मध्ये ते गेले, त्याच सुमाराला एम.ए.ला मराठी आली. बी.ए.ला यायला त्यानंतरही बराच काळ लागला.

म्हणून मुंबई विद्यापीठाबद्दल माझ्या मनात नुसतं कौतुक नाही. त्याचा स्वभाव परीक्षकाचा होता. दूर बसून तपासायचं, गुण द्यायचे, नापास करायचं. पण ज्या माणसांना त्याने तपासून पास केलं त्यांनीच त्याला बदललं. पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्रिंबक तेलंग १८९२ मध्ये, त्यांच्यामागून रा. गो. भांडारकर. पुढे १९४७ मध्ये पां. वा. काणे.

निपाणीचा_तंबाखू

यात बाबासाहेबांचं नाव आलंच पाहिजे. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बी.ए., दोन्ही मुंबई विद्यापीठ. आणि १९२७ मध्ये कायदेमंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा झाली तेव्हा मागासलेल्या वर्गांना सिनेटवर जागा हवी म्हणून तेच उभे राहिले. १९२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी निपाणीला बहिष्कृत परिषद घेतली होती. आमच्या गावात त्याची आठवण अजून काढतात. यळ्ळूरकरांचा प्रश्न बाबासाहेबांनी तेव्हाच विचारलेला आहे: विद्यापीठ कुणाचं?

यळ्ळूरकर

+१. हाच मुद्दा, माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगला मांडलेला.

नवीन_सदस्य_हलगा

माफ करा, मध्येच बोलतो. मी सध्या इंजिनिअरिंगला आहे. हे सगळं वाचून वाटलं की आमची व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) तर मुंबई विद्यापीठासारखीच निघाली. १९९८ ला बेळगावात झाली, कर्नाटकातली इंजिनिअरिंग कॉलेजं तिला जोडलेली. बेंगळुरूची मुलं बेळगावचं नाव असलेली डिग्री घेतात आणि त्यातल्या कितीतरी मुलांनी बेळगाव बघितलेलंसुद्धा नाही. रिझल्ट उशिरा लागला की बेळगावला शिव्या घालतात!

मुंबईकर_बेळगावी

वा! हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. टिळकवाडीकरांचे आजोबा मुंबईला न जाता मुंबईचे पदवीधर, आणि आता बेंगळुरूची मुलं बेळगावला न येता बेळगावची. शहापूरकर, तुमच्यासमोरच्या मुलांना इथून सुरुवात करून सांगा, लगेच कळेल.

रिझल्टवरून, मुंबई विद्यापीठाचेही २०१७ मध्ये ऑनलाइन तपासणीपायी निकाल महिनोन्महिने लांबले होते आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. परीक्षा हाच ज्या विद्यापीठाचा पाया, त्याची परीक्षाच ढासळली की लोक फार चिडतात. माझ्या भाचीचं त्या वर्षी परदेशात जायचं अडकलं होतं, घरात काय वातावरण होतं ते सांगत नाही.

टिळकवाडी

अवांतर: पु. ल. देशपांडे बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांच्या वर्गाला बसलेली माणसं आमच्या गल्लीत होती. ती बोलायला लागली की संध्याकाळ कमी पडायची.

खानापूरची_लेक

टिळकवाडी काका, आरपीडी म्हणजे राणी पार्वतीदेवी, सावंतवाडी संस्थानच्या. आणि सावंतवाडीवरूनच एक सांगायचंय. आंबोलीचा घाट उतरून सिंधुदुर्गात गेलं की तिथली कॉलेजं आजही मुंबई विद्यापीठाची! मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, एवढा पट्टा त्यांच्याकडे आहे. म्हणजे मुंबई विद्यापीठाची हद्द बेळगावपासून एका घाटावर आहे. माझी मैत्रीण सावंतवाडीला शिकली, तिच्या मार्कशीटवर 'मुंबई विद्यापीठ', आणि मी बेळगावात, माझ्या मार्कशीटवर राणी चन्नम्मा विद्यापीठ. घाटाच्या वर कोल्हापूर विद्यापीठाचं चंदगड-आजरा, खाली मुंबईचं सावंतवाडी आणि आपण इकडे.

चंदगडी

नकाशा काढला तर तीन विद्यापीठांचा तिठा आंबोलीच्या आसपास कुठंतरी येईल. तिथं चहाची टपरी टाकूया.

गोकाक_करदंट

चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं, भूतरामहट्टीला. त्याआधी तिथं कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, मी तिथंच एम.ए. केलं. वर्गात निम्मे मराठी, निम्मे कन्नड. जेवणाच्या डब्यात भेद नव्हता. धारवाडला मराठी विभाग आहे आणि मुंबईत कालिनाला कन्नड विभाग आहे, हे दोन्ही मुलांना सांगा शहापूरकर. मुंबईत कन्नड शिकून डॉक्टरेट घेतलेली माणसं आहेत. आपण इथं पाट्यांवरून भांडतो तेव्हा हे विसरतो.

सांबऱ्याचा

गोकाककर, विभाग असणं ठीक. पण मराठी शाळा बंद पडत असताना मराठी विभागात मुलं यायची कुठून? पाट्यांवरून भांडण म्हणता, घरच्या भाषेत सरकारी कागद मिळत नाही त्याचं काय? माझा राग तुमच्यावर नाही, पण हे साधं समजू नका.

गोकाक_करदंट

साधं समजत नाही, दादा. तुमच्या गावची शाळा बंद पडू नये असंच मलाही वाटतं.

संपादक मंडळ

चर्चा फार चांगली चालली आहे. सीमाप्रश्नावर आधीचे धागे आहेत, तो भाग तिकडे न्यावा. इथे विद्यापीठावरच राहूया.

पिरनवाडी

विद्यापीठावरच राहून एक उपयोगाचं: बारावीनंतर महाराष्ट्रात जायचं असेल तर महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागाचा वेगळा प्रवर्ग असतो. रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. मुलांना हे माहीत नसतं आणि मुदत निघून जाते. माझ्या पुतण्याच्या वेळी दाखल्यासाठी धावाधाव झाली, कुणी म्हणे हा कागद, कुणी म्हणे तो. आधीपासून फाईल तयार ठेवा. भाषण आहे तर शेवटी दोन मिनिटं हे सांगाच, सर.

शहापूरकर

नक्की सांगतो, पिरनवाडी. हे इतिहासापेक्षा महत्त्वाचं आहे.

मुंबईकर_बेळगावी

अजून एक बाजू सांगतो, कारण सगळे परीक्षा-परीक्षा म्हणतायत. विसाव्या शतकात मुंबई विद्यापीठ स्वतः शिकवायला लागलं. १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला, पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, मागून घुर्ये. इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी आणि म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवासही. गावगाडा, जातव्यवस्था, कुटुंब या सगळ्याचा शास्त्रीय अभ्यास तिथून सुरू झाला. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग झाला, आज ती वेगळी संस्था आहे. म्हणजे बेळगावात लिंगराज उघडलं त्याच वर्षी मुंबईत रंग-रसायनाचं शिक्षण सुरू झालं. पुढे विभाग कालिनाला गेले. फोर्टातल्या इमारतीत आता कचेऱ्या, ग्रंथालय आणि समारंभ.

कालिनाला मी गेलोय. झाडं भरपूर, इमारती मात्र उदास. पण तिथल्या नेहरू ग्रंथालयात बसलं की वेळ कळत नाही.

अनगोळची_सून

आमचे सासरे सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या वेळी मुंबईला जायचं म्हणजे मीटरगेजने पुण्यापर्यंत, तिथे सामान उतरवून दुसरी गाडी. वळकटी, फिरकीचा तांब्या आणि धपाट्यांचं गाठोडं. मुलाखतीला किंवा वकिलीच्या परीक्षेला जाणारा माणूस आधीच दमून पोचायचा.

टिळकवाडी

वकिली म्हटलं म्हणून: राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ चं. ते झाल्यावर ही फेरी वाचली. मुंबई इलाख्यात लॉ कॉलेज असलेली गावं थोडी होती, त्यात बेळगाव आलं.

यळ्ळूरकर

मूळ प्रश्नाकडे येतो. मुलांना काय सांगावं?

माझं मत इथल्या प्रतिसादांनी थोडं हललं. विद्यापीठ दूरचं आणि वरच्यांचं होतं यावर मी ठाम आहे. पण केएलई असो, लॉ सोसायटी असो, आरपीडी काढणारी मंडळी असोत, त्यांनी मुंबईची वाट बघत न बसता गावात वर्गणी गोळा करून कॉलेजं काढली आणि मुंबईचा शिक्का इथं आणून घेतला. मुंबईने दिलं असं नाही, बेळगावने मागून आणि राबून घेतलं. कन्नड आणि मराठी दोन्ही लोकांनी. हे सांगितलंत तर आमच्या गावची पोरंसुद्धा ऐकतील.

शहापूरकर

यळ्ळूरकर, भाषणाचा गाभा हाच राहील. तुमचं नाव घेऊन सांगेन. तुम्ही त्या दिवशी या, पुढच्या रांगेत बसा.

कारवारी_माणूस

एक व्यवहाराचं. ज्यांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या पदवीची खात्री करायची आहे त्यांनी जुनी युनिव्हर्सिटी कॅलेंडरं बघावीत. मुंबई विद्यापीठ ती छापायचं. त्यात नियम, अभ्यासक्रम, पुस्तकांच्या याद्या आणि पास झालेल्यांची नावं असतात. जुने बरेच खंड आता स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं नसतं, म्हणून दोन-तीन प्रकारे शोधा. देशपांडे, कुलकर्णी असतील तर वडिलांच्या नावाशिवाय सापडणं कठीण.

टिळकवाडी

कारवारी काका, रात्रभर बसलो. अजून आजोबांचं सापडलं नाही, पण त्या वर्षांच्या इंग्रजीच्या पुस्तकांची यादी सापडली आणि त्यातली काही पुस्तकं आमच्या माळ्यावर आहेत! समासात पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहिलेले.

शहापूरकर

टिळकवाडी, ती पुस्तकं आणि गाऊनचा फोटो दोन दिवस उसने द्याल का? काचेच्या पेटीत मांडतो, मुलांना हात लावू देणार नाही. बाकी ज्यांच्या घरी १९५० च्या आधीची मॅट्रिकची किंवा पदवीची प्रमाणपत्रं आहेत त्यांनी फोटो इथे टाका. साल आणि कॉलेजचं नाव दिसेल असा काढा, गुण झाकले तरी चालतील.

निपाणीचा_तंबाखू

नॉनमॅट्रिकवाल्यांनी काय टाकायचं?

शहापूरकर

वखारीचा फोटो टाका, आणि आजोबांची हिशेबाची वही असेल तर तीही. पेटीत जागा आहे.